खोटं पान

कसबे सुकेण्याच्या पुढे, बाणगंगेच्या अंगाला,
कचरूअण्णा मोगलांच्या सव्वादोन एकरात
एक पान माझं आहे.

पांढरं, गुळगुळीत, तळहातात मावेल एवढं.
शिरा सोनेरी, कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकींत अडकवलेल्या,
देठ म्हणून काळी वायर.
ते पिवळं पडत नाही.
ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री त्याला वळसा घालून जाते.
त्याला एकच कळतं, आपण ओले की कोरडे,
आणि दर पंधरा मिनिटांनी ते तेवढंच सांगतं.
मी घरी कुणाला इतकं नेमानं काही सांगत नाही.

शुक्रवारी स्कूटीवरून सोळा प्लॉट.
पानं पुसायची, मऊ फडक्यानं,
पर्जन्यमापकातल्या मुंग्या काढायच्या,
सोलरवर साळुंकी बसून गेली असेल तर तेही खरवडायचं.
याला संशोधन म्हणतात.
आई शेजारणीला सांगते, पोरगी हवामानात आहे.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.
पोंगा फुटून गेलेला, शेंडे वितभर,
आकाश धुऊन ठेवल्यासारखं,
आणि अण्णांचं पान रात्री नऊपासून ओलं.
दहा वाजता ओलं. बारा वाजता ओलं.
ओळीपल्याडच्या जाधवांच्या पानावर दव उतरलं ते सव्वातीनला,
हे मात्र तोवर भिजून भिजून थकलेलं.
तापमान अठरा, ओलावा नऊ तास,
गणितानं गणितासारखं केलं:
डावणीचा धोका, लाल.

साडेसहाला अण्णांचा फोन.
"ताई, ब्लोअर जोडू का?
तुमचं पान म्हणतंय फवारा.
माझी पानं तर काहीच म्हणत नाहीत."
पंधरा मिनिटं थांबा म्हणाले,
ओझरच्या चौकातच वीस गेली.

पान दिसलंच नाही आधी.
त्याच्यावर दुपटं होतं.
निळ्या फुलांचं, काठ उसवलेलं,
चांगलं पिळूनही ठिबकत असलेलं.
बांधाकडेला पेठहून आलेल्या टोळीची ताडपत्री,
फेल काढायला आलेल्या सात बाया,
त्यातली जसोदा भोये, मांडीवर आठ महिन्यांचं.
"दांडी मोकळीच होती," ती म्हणाली.
"वेलीवर टाकलं असतं तर कोंब मोडला असता ना."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही.
अण्णा मनातल्या मनात औषधाचे पैसे मोजून हसले,
मग ट्रॅक्टरमधून सुतळी आणली
आणि दोन अँगलच्या मध्ये ताणून बांधली,
पानापासून दहा पावलं लांब. पावलं मी मोजली.

दुपटं उचललं तेव्हा जड लागलं.
साबणाचा वास, त्याखाली दुधाचा.
पान पुसलं. ते लगेच कोरडं झालं,
त्याचा राग नसतो.

संध्याकाळी शीट भरायला बसले.
ओलाव्याचं कारण: ढग, दव, पाऊस, सिंचन, बिघाड.
पाचातलं एक निवडा.
बिघाडावर बोट नेलं आणि थांबले.
बिघडलं काय होतं?
त्याला विचारलं ओला आहेस का,
ते म्हणालं, हो.
कुलथे सर म्हणतात, असले आकडे काढून टाकावेत,
आलेख स्वच्छ राहतो.
मी काढले नाहीत.
नऊ ते सहा एक सपाट रेघ,
कुणीतरी पत्रा टाकून आडोसा केल्यासारखी,
अजून आहे फाइलमध्ये.

त्या रात्री सिडकोतल्या खोलीत झोप लागेना,
फोन उघडून बघितला.
तीन वाजून दहा मिनिटं. अण्णांचं पान: ओलं.
दव. वेळेवर. सगळं ठीक.
तापमान अकरापर्यंत उतरलेलं.

सुतळीवरचं वाळलं का,
तिथे वायर नाही.